वरच्या पट्ट्याचं पिंप

"आणि वाईन फसली असली, तर तसंच सांगू?" सुयशने विचारलं.

"तसंच सांग," फादर म्हणाले. "खोटं बोलायला इतकी वर्षं शिकावं लागत नाही."

फादर डाबरे मूळचे वसईचे. चर्चने त्यांना ढगमाथ्यावरच्या आश्रमात पाठवलं, तेव्हा त्या डोंगरावर नागली आणि वरई सोडून काही पिकत नव्हतं. त्यांनी तिथे वाईनची लाल द्राक्षं लावली. लोक हसले. द्राक्षं लागतात ती निफाडच्या काळ्या जमिनीत, हे शेंबडं पोरही सांगेल. आता तेच लोक घाट चढून येतात आणि एका बाटलीसाठी फाटकापाशी ताटकळतात. फादरांनी त्यावरून कधी कुणाला चिमटा काढला नाही. मी असतो तर काढला असता.

सुयश विधाते निफाडचाच. घरची द्राक्षं परदेशी जाणारी, त्यामुळे मान जन्मापासून जरा वर. वाईनचं शिक्षणही बाहेर झालेलं, आणि आता फादरांच्या हाताखाली काम करायचा. नाक असं तयार, की डोळे मिटून पिंप ओळखायचा. हे खरं होतं, आणि तो ते कुणाला विसरू देत नसे.

फादर आता थकले होते. वाईनचं तळघर कुणाच्या तरी हाती सोपवायचं होतं. सुयशला ते हवं होतं, इतकं की गेले काही दिवस त्याला धड झोप नव्हती. तळघराची किल्ली समोर टेबलावर पडली होती. शेजारी एक रिकामा पेला. आधी एका पिंपातली वाईन चाखून ती कशी आहे ते सांगायचं होतं.

"कुठलं पिंप?"

"वरच्या पट्ट्याचं."

सुयशचा चेहरा पडला.

वरचा पट्टा म्हणजे कड्याखालची शेवटची उतरण. नुसता मुरूम आणि वारा. द्राक्षं पिकायच्या दिवसांत तिथल्या वेलींची पानं दुपारी मिटून यायची. मणी वाटाण्याएवढे राहिले होते. सुयशने पाण्यासाठी हट्ट धरला होता. मणी फुगला नाही, तर निफाडच्या माणसाला घास गोड लागत नाही. फादरांनी पाणी दिलं नाही. मग तोडणीच्या वेळी सुयश म्हणाला, निदान ही द्राक्षं खालच्या मालात मिसळून टाकू, म्हणजे झाकली मूठ राहील. फादरांनी तेही ऐकलं नाही. एका लहान पिंपात ती वाईन वेगळी ठेवली.

"हे पिंप मी तेव्हाच नको म्हटलं होतं," सुयश म्हणाला.

"म्हणून तर तुलाच देतोय."

फादरांनी पेला भरला. सुयशने तो उजेडाकडे धरला, फिरवला, हुंगला, घोट घेतला.

"जांभूळ. मागून लवंग. शेवटी तुरटपणा. बरी आहे, पण…"

"पुन्हा."

"करवंद. मिरी. थोडी ओली माती…"

"पुन्हा."

सुयश वैतागला. आपली परीक्षा चाललीय की थट्टा, हेच त्याला कळेना. त्याने पेला फादरांपुढे सरकवला.

"तुम्हीच एक घोट घ्या ना, फादर. मग कळेल मी काय म्हणतोय ते."

"मला नाही कळणार."

"म्हणजे?"

"बरीच वर्षं झाली. मोठा ताप आला होता. तो गेला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. भाकरी काय नि पुठ्ठा काय, मला एकच."

तळघरात कुठेतरी थेंब पडत होता…

सुयश भिंतीलगतच्या पिंपांकडे बघत राहिला. ज्या वाईनसाठी लोक घाट चढून येत, ती सगळी त्या तापानंतरची होती.

"मग तुम्ही… कसं ठरवता?"

"पिणाऱ्याकडे बघतो."

"माझ्याकडे बघून काय कळलं?"

"तू अजून प्यालाच नाहीस," फादर म्हणाले. "जांभूळ म्हणालास तेव्हाही तुझं तोंड असंच होतं. लवंग म्हणालास तेव्हाही असंच."

सुयशला राग आला. त्याने पेला पुन्हा उचलला. या वेळी फिरवला नाही, उजेडाकडे धरला नाही. तहान लागल्यावर माणूस पाणी पितो तसा सरळ तोंडाला लावला.

आधी काहीच झालं नाही.

मग त्याला कड्याखालची दुपार आठवली, तापलेला मुरूम, आणि त्याच मुरमावरची पहाटेची बोचरी थंडी. दोन्ही एका घोटात होतं. ज्या तहानेची त्याला कीव आली होती, ती तहानही होती, आणि तीच सगळ्यांत गोड होती. त्याने फळांची नावं शोधली. एकही सापडलं नाही. एवढ्याशा मण्यात एवढं मावतं कसं? एकट्याने गाभाऱ्यात उभं राहिल्यावर वाटते, तशी त्याला भीती वाटली. आपलं ऐकलं असतं, तर हे खालच्या मालात मिसळून गेलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

त्याचे डोळे भरून आले. त्याने किल्ली फादरांकडे सरकवली.

"ही मला नको. मी हे नासवलं असतं."

फादरांनी ती न बघताच परत त्याच्यापुढे ढकलली. ते सुयशच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ हलके हलत होते, तोंडात काही घोळवावं तसे.

"फादर, कसं सांगू… ही…"

म्हाताऱ्याने हात वर केला.

"थांब, बोलू नकोस. चव लागतेय मला."