दिवाणजींची पालखी जागची हलेना

खजिन्यातल्या पैशातून दिवाणजींच्या चार खात्यांनी कालव्याचे चार तुकडे खणले, पण ते जोडलेच नाहीत. खोऱ्यातला भात करपू लागला. दिवाणजींच्या पालखीचा म्होरक्या भोई सटवाजी त्यांच्याकडे गाऱ्हाणं घेऊन गेला, तर दिवाणजी गुरकावले, "प्रत्येक खात्याचं काम चोख झालंय!"

दुसऱ्या दिवशी दिवाणजी मानाचं पागोटं घ्यायला पालखीतून दरबारी निघाले. चार भोई चार दिशांना ओढू लागले. पालखी तिथल्या तिथे गरगरली.

"अरे, दरबार भरला असेल!"

"सरकार, चौघंही घामाघूम झालोत, प्रत्येकाचं काम चोख आहे," सटवाजी म्हणाला. "पोचवायचं काम कुठल्या खात्याकडे, तेवढं सांगा."

दिवाणजींनी पालखीतूनच हुकूम सोडला: चारही खात्यांवर एकच कारभारी, आणि शेतात पाणी पोचेल तेव्हाच पैसा. मग कुठे पालखी हलली.