दुंदुभिराजांचं नाक

"दोनाला सहा, तर बाराला किती?"

एवढ्या एका गणितापायी केरोपंत पंतोजी थेट कोठडीत! युवराजांनी उत्तर लिहिलं होतं सोळा. पंतोजींनी त्यावर काट मारली आणि दुंदुभिराजे खवळले.

"काट कसली मारता? दोनाचे बारा झाले, म्हणजे दहा वाढले. मग सहालाही दहा दिले, झाले सोळा! दोघांना सारखं दिलं. यात अन्याय कुठे झाला?"

"महाराज, न्याय झाला, गणित नाही झालं," पंतोजी बोलून गेले.

राजाने दवंडी पिटवली. सगळ्या शाळांत आता राजाचाच नियम शिकवायचा. तो चुकीचा आहे असं खुद्द राजाच्या तोंडून दसऱ्यापर्यंत कुणी वदवलं, तर पंतोजी सुटतील, नाहीतर हद्दपार. पण राजाला चुकलात म्हणणाराही त्यांच्याबरोबर हद्दपार! दरबारी मंडळींनी माना डोलावल्या. त्यांचं तेच तर काम होतं.

येसू कुंभारणीला मात्र झोंबलं. तिची लेक पंतोजींकडेच शिकत होती. शिवाय दर दसऱ्याला राजाचा मातीचा मुखवटा राजवाड्याच्या दरवाजावर चढायचा, आणि तो घडवायचा मान येसूच्या घराचा. सहा बोटं उंचीचा नमुना तिच्या फळीवर कायम असायचा.

ती तडक दरबारात गेली. "म्हाराज, औंदा मुखवटा केवढा करू?"

"शेजारच्या राजापेक्षा मोठा! छत्तीस बोटं!"

"आन् नाक-डोळं कोणत्या नियमानं वाढवू? आमच्या जुन्या, का तुमच्या नव्या?"

"हे काय विचारणं झालं? माझ्याच!"

"समद्यांसमोर सांगितलंत, बरं का!" म्हणत येसू घरी आली आणि तिने माती मळायला घेतली.

दसऱ्याला दरवाजासमोर ही गर्दी! ताशे वाजले. येसूने मुखवट्यावरचं फडकं ओढलं आणि ताशेवाल्यांच्या हातातल्या काड्या गळून पडल्या.

वर कपाळाची जेमतेम पट्टी, खाली हनुवटीचा टवका आणि मधे सगळं नाकच नाक! मिशीला जागा नव्हती. एका डोळ्यानेच सगळी रुंदी खाल्ली होती, म्हणून दुसरा शेजारच्या खांबावर टांगलेला. पोरं गडाबडा लोळली. राणीसाहेबांनी पदर तोंडात कोंबला, तरी खांदे हलतच होते.

"हे नाक आहे की दुधी भोपळा?" राजा गरजला. "चुकलं! साफ चुकलं!"

येसूने घरून आणलेला सहा बोटांचा नमुना पुढे धरला. "काय चुकलं, म्हाराज? चेहरा सहाचा छत्तीस बोटं केला, म्हंजी तीस वाढलं. नाक दोन बोटांचं होतं, त्यालाबी तीस दिलं, झालं बत्तीस. दोघांना सारखं दिलं. यात अन्याव कुटं झाला?"

राजाने येसूच्या हातातला नमुना हिसकावला, स्वतःची बोटं लावून मोजला, परत मोजला.

"अगं, या नमुन्यात चेहऱ्याच्या उंचीत माझी तीन नाकं बसतात. मग इथेही तीनच बसली पाहिजेत! छत्तीस बोटांत तीन नाकं... म्हणजे नाक बारा बोटांचं हवं!"

"म्हंजी दोनाला सहा, तर बाराला?"

"छत्तीस!" राजा ओरडला आणि मग त्याने जीभ चावली.

येसूने हळूच विचारलं, "मग पंतोजी येगळं काय सांगत हुते?"

राजाने एकवार त्या नाकाकडे पाहिलं, एकवार खांबावरच्या डोळ्याकडे, आणि पोट धरून असा हसला की मुकुट घरंगळत ताशेवाल्यांच्या पायाशी गेला. "माझाच नियम चुकला! सोडा त्या पंतोजींना! आणि येसू, तू बक्षीस माग. काहीही माग!"

"ह्यो मुखवटाच द्या, म्हाराज. शाळेत टांगते. पाटीवरचं गणित पोरं इसरतील, पर तुमचं नाक जल्मात इसरायची न्हाईत!"