चाखलेली, पण अख्खी

उंबरगडच्या मानाजीराजांपुढे सातव्या दिवशीही भाकरी आली आणि सातव्या दिवशीही त्यांनी ताट सारलं. "ही ती नव्हे," राजे म्हणाले.

दारात उभ्या असलेल्या हौसाने कपाळाला हात लावला. पीठ तिच्या घरचं, ठेचा तिने वाटलेला, लोणी तिने काढलेलं. भाकरी तीच होती. पण राजाला कोण सांगणार?

सगळी भानगड राजांच्या दौऱ्यावर सुरू झाली. वाटेत घोडं लंगडलं, लवाजमा मागे राहिला आणि भुकेने कासावीस झालेले राजे केरबाच्या बांधावर येऊन टेकले. केरबा पाय मोडून घरी खाटेवर पडलेला, म्हणून त्याची लेक हौसा एकटीच गोफण घेऊन बाजरी राखत होती. तिने तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकली. ती टम्म फुगली, तसा हौसाने कडेने पापुद्रा उचलला, आत लोण्याचा गोळा, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा भरला, पापुद्रा पुन्हा मिटला आणि भाकरी राजांच्या हातावर ठेवली. वर भाकरी, खाली भाकरी, कालवण मधोमध! ताट नको की वाटी नको. राजांनी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. पहिल्याच घासाला आतून वाफ आली, लोणी कोपरापर्यंत ओघळलं, आणि राजांनी एकामागून एक तीन भाकऱ्या चापल्या. तिथवर सगळं ठीक होतं. पण जिभेचे चोचले वाईट. दुसऱ्याच दिवशी शिपाई आले आणि हौसाला गडावर घेऊन गेले.

गडावर दाजीपंत होते. राजांच्या ताटातला प्रत्येक पदार्थ आधी दाजीपंतांनी चाखायचा, मग शंभर अंक मोजायचे, आणि तोवर दाजीपंत धडधाकट राहिले तरच ताट पुढे सरकायचं. रीत राजांच्या आजोबांपासूनची, आणि दाजीपंतांना राजापेक्षा रीत प्यारी. ते भाकरीचा चांगला लचका तोडत. वाफ निघून जाई, लोणी ताटभर पसरे आणि शंभर मोजून होईतो पापुद्रा म्हाताऱ्याच्या गालासारखा बसून जाई.

"दोन भाकऱ्या करते की," हौसा म्हणाली. "एक पंतांनी खावी, एक महाराजांनी."

"आणि विष दुसरीत असलं तर?" दाजीपंतांनी विचारलं.

राजे आता हट्टाला पेटले. "उद्या शेवटचा दिवस. भाकरी चाखलेली हवी, पण तिचा कणही मोडलेला नको. आम्ही खाऊ तेव्हा आतून वाफ यायला हवी. आणि आम्ही काही मुदपाकखान्यात येऊन बसणार नाही. ते राजाला शोभत नाही. जमलं तर घरी जा. नाही जमलं तर जन्मभर इथेच भाकऱ्या थाप."

हौसाला शेत आठवलं. तिकडे कणसं दाण्याने भरली होती आणि राखायला चिटपाखरू नव्हतं. म्हणजे पाखरं तेवढी होती. बापलेकीची वर्षाची भाकरी चिमण्यांच्या पोटात चालली होती आणि ही इथे राजाचे लाड पुरवत बसलेली. तिला रडू आलं, रागही आला. पायाच्या अंगठ्याने ती फरशी कोरू लागली.

मग म्हणाली, "महाराज, तुम्ही चुलीकडं येऊ नये हे खरं. पण चुलीनं तुमच्याकडं येऊ नये, असं कुठं हाय का?"

राजांनी दाजीपंतांकडे पाहिलं. दाजीपंतांनी आजोबांच्या साऱ्या रीती आठवून पाहिल्या. अशी रीत कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी भोजनगृहात तीन दगड मांडले गेले. हौसाने सगळ्यांसमोर हात धुतले, परात पुढ्यात ओढली आणि म्हणाली, "या पंत. हे पीठ चाखा."

"कच्चं?"

"कच्चंच."

दाजीपंतांनी पिठाचा बकाणा मारला. तो टाळूला जाऊन चिकटला. मग त्यांनी पाणी चाखलं, मीठ चाखलं, लोणी चाखलं, कांद्याची पाकळी चावली. ठेच्याने तर त्यांचं नाक लालबुंद झालं. "आता मोजा शंभर," हौसा म्हणाली. पंतांनी ठसकत ठसकत शंभर मोजले आणि धडधाकट राहिले.

मगच हौसाने पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकून पाणी फिरवलं, उलटली आणि निखाऱ्याला लावली. राजांच्या डोळ्यांदेखत ती टम्म फुगली. पापुद्रा उचलला, भरला, मिटला, आणि भाकरी थेट राजांच्या हातावर.

"थांबा!" दाजीपंत ओरडले. "भाकरी चाखायची राहिली!"

"चाखली की, पंत," हौसा शांतपणे म्हणाली. "तुमी चाखली तवा तिची भाकरी व्हायची हुती, येवढंच. ह्यात न चाखलेलं आता फकस्त इस्तू हाय. तो चाखायचा असंल तर या फुडं."

दाजीपंतांनी विस्तवाकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले.

राजांनी घास घेतला. भसकन वाफ आली, लोणी कोपराकडे निघालं. "हीच ती!" राजे भरल्या तोंडाने म्हणाले. "पोरी, घरी तर तू जाशीलच. आणखी काय हवं ते माग."

"धा शिपाई द्या, महाराज. गोफण येणारे."

"दहा शिपाई? कोणाशी लढाई आहे?"

"पाखरांशी. आठ दिस झाले, तुमच्या भाकरीची बाजरी ती चाखत्याती. आन् पंतांसारखी एका घासावर थांबत न्हाईत, महाराज. पोट भरंस्तवर चाखत्याती!"

राजे असे हसले, की त्यांना ठेच्याचा ठसका लागला. दाजीपंतांनीच धावत जाऊन पाणी आणलं. राजांनी तिथल्या तिथे वीस शिपाई दिले, केरबासाठी गडावरचा वैद्य दिला, आणि हौसाला स्वतःच्या रथात बसवलं.

"आणि पुढच्या वेळी भाकरी खायची झाली," रथ हलता हलता राजे म्हणाले, "तर आम्हीच बांधावर येऊ. दाजीपंतांना घरी ठेवून!"