ठोक्याच्या आधीचा शब्द

भागीचं कुणी खरं मानलं नाही. तिच्या पोटच्या पोरीनंसुद्धा नाही.

त्या राज्यातल्या राजाला विचार करता येई, पण लक्षात काही राहत नसे. राजा म्हणजे अस्वल. सुचलेलं तो दांडीवरच्या साळुंकीकडे ठेवायला देई आणि लागेल तेव्हा मागून घेई. सुतारपक्षी खोडावर ठोके देई. त्या ठोक्यांवर दरबार चाले.

भागी साळुंकीची उमर त्या दांडीवर गेली. मागितलेला शब्द ती पंखाखाली तोंड घालून आधी एकदा पुटपुटे, मगच देई. त्यात एक ठोका जाई. जाईना का! शब्द कधी चुकला नव्हता.

पण राजाला घाई सुटली. ठोके दुप्पट झाले आणि परीक्षक म्हणून करकोचा आला. त्याची परीक्षा सकाळची, गार सावलीतली. त्यानं "दाणा" म्हणायचं, साळुंकीनं "दाणा" परत द्यायचं, शंभर वेळा. भागी दर वेळी पुटपुटली आणि मागे पडली. तिची लेक विजू पुटपुटलीच नाही. तिचा शब्द ठोक्याच्याही आधी आला. करकोच्यानं विजूच्या गळ्यात चकचकीत पट्टा बांधला आणि भागीला दांडीवरून उतरवलं.

"दुपारी घ्या की परीक्षा!" भागी जमिनीवरून ओरडली. "ऊन चढलं की पोरगी धापा टाकते, शब्द उलटेपालटे होतात तिचे. आणि शंभरदा एकच दाणा काय देता? निरनिराळं द्या!"

"परीक्षा सकाळचीच असते, म्हातारे," करकोचा म्हणाला. "लेकीवर जळतेस होय गं?"

"आई, गप बस ना. लाज आणतेस मला," विजू म्हणाली.

उन्हाळा तापला. खालच्या तळ्यात विष उतरलं, वरचं गोड राहिलं. राजानं ही खबर सकाळीच विजूकडे ठेवली. दुपारी हरिणी पाडसं घेऊन विचारायला आल्या. विजूची चोच उघडी होती, पंख पसरलेले.

"वर विष, खाली गोड," ती झटकन म्हणाली.

"उलटं आहे गं बायांनो! मी ऐकलंय, इथंच बसले होते मी!" भागी हरिणींच्या पायांत उड्या मारत राहिली. हरिणी तिला ओलांडून गेल्या.

पाणी आधी पाडसांना पाजायचं, ही त्यांची रीत. सात पाडसं खालच्या काठावर आडवी झाली.

राजा तिथं आला आणि लहान मुलासारखा रडला. दरबारात परतून त्यानं भागीला विचारलं, आणि पहिल्यांदा तिचं शेवटपर्यंत ऐकलं.

"दोष करकोच्याचा," तो विजूला म्हणाला. "हे नाव धर. सगळे जमले की मागीन."

"महाराज, नाव माझ्याकडे द्या," भागी म्हणाली.

"दांडीवर नाही त्याला कसं देऊ? रीत नाही तशी."

पाडसं दांडीसमोर आणून ठेवली. राज्य जमलं तेव्हा ऊन डोक्यावरच होतं. राजा सगळं विसरला होता. विजू धापा टाकत होती, तिची नजर पाडसांवरून हलत नव्हती.

"सांग विजू, दोषी कोण?"

"पुटपुट गं माझे बाई," भागी खालून म्हणाली. "एकदाच पुटपुट."

सुतारपक्ष्यानं चोच उगारली. ती खोडावर पडायच्या आत विजूनं नाव दिलं.

"भागी."