हळू सायकलची शर्यत

“...आता पुढे गाठायला कुणी नाही, मागे टाकायला कुणी नाही. मग बाबा, सकाळी उठायचं तरी कशासाठी?”

विचारणारा भूपाल चौगुले. उभं तारुण्य त्याने सायकलच्या शर्यतींत घालवलं होतं. घाटात त्याच्या चाकाला चाक लावणारा मिरजेपासून पुण्यापर्यंत कुणी नव्हता. परदेशातल्या एका संघाने त्याला पगार देऊन नेलं. तिकडच्या थंडीत, दगडी रस्त्यांवरही त्याने नाव काढलं. मग गुडघा गेला आणि शर्यती सुटल्या.

तेव्हापासून सायकल भिंतीवर आणि भूपाल घरात येरझारा घालत. पानावर बसला की पहिला घास कुणी मोडायच्या आत हा हात धुऊन मोकळा. शेवटी बायकोनेच त्याला टेकावरच्या दर्ग्यात, लतीफबाबांकडे धाडलं.

बाबा पायरीवर शेंगा सोलत बसले होते.

“किती शर्यती जिंकलास?”

“मोजल्या नाहीत.”

मोजल्या होत्या.

हातातली शेंग सोलून बाबा म्हणाले, “आज उरूस आहे. खाली माळावर सायकलींची शर्यत लावलीय. उतरतोस?”

भूपालने माळाकडे पाहिलं. गिरणीवाला होता, पोस्टमन होता, शाळेच्या मोकाशीबाई पदर खोचून उभ्या होत्या. त्याला हसू आलं. तरी बाबांचा मान राखायचा म्हणून त्याने गुडघ्याचं कारण पुढे केलं.

“गुडघ्याला इथे काम नाही,” बाबा म्हणाले. “हळू सायकल आहे. पाय टेकायचा नाही, मागे वळायचं नाही. जो शेवटी पोचेल तो जिंकला.”

कुणीतरी दूधवाल्याची जडशीळ काळी सायकल आणून दिली. शिट्टी झाली.

सुरुवातीला भूपाल मजेत होता. तोल सांभाळणं त्याच्या हाडात मुरलेलं. चाक इंचाइंचाने सरकत होतं. पोस्टमन डुलला आणि पाय टेकून बसला. गिरणीवाला त्याच्या पाठोपाठ गेला. उन्हात गरम गुळाचा वास येत होता, कुठेतरी पिपाणी वाजत होती... शर्यतीत असे वास आणि आवाज येतात, हे भूपालला माहीतच नव्हतं.

तेवढ्यात मोकाशीबाईंचं चाक त्याच्या कोपराशी आलं. आलं, आणि वीतभर पुढे सरकलं.

भूपालच्या पायाने त्याला विचारलंच नाही. काळी सायकल सणसणत सुटली, मधला माळ मागे पडला, शेवटची दोरी आली, गेली. भूपालचे दोन्ही हात आभाळाकडे उंचावलेले.



मग लाऊडस्पीकरवरून आवाज आला, “चौगुले पहिले आले. चौगुले बाद.”

सगळा उरूस हसला. भूपाल कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. मान वर करून त्याने स्वतःच्या त्या उंचावलेल्या हातांकडे पाहिलं... आणि त्यालाही आवरेना. सायकल आडवी टाकून तो धुळीतच बसला आणि पोट धरून हसला. सायकल भिंतीवर गेल्यापासून तो असा हसला नव्हता. पोस्टमनने पाठीवर थाप मारली, गिरणीवाल्याने पाण्याचा तांब्या पुढे केला.

बाबा दोरीशी उभे होते. भूपाल डोळे पुसत त्यांच्यापाशी गेला.

“बाबा, मी तर पोचलो. आता काय करू?”

बाबांनी त्याच्या तळहातावर एक बत्तासा ठेवला. माळाच्या मध्यावर मोकाशीबाई एकट्याच, जागच्या जागी हँडल हलवत, दात-ओठ खात डुलत होत्या.

बाबांची नजर त्यांच्यावरच होती...

“थांब जरा. जिंकणारा अजून यायचाय.”