खेळते आहे तोवर

एकदा एक शिष्या आपल्या गुरूवर रागावली. एरवी जिची जीभ टाळ्याला लागत नसे, ती परतीच्या सबंध प्रवासात एसटीच्या खिडकीबाहेर पाहत गप्प बसून राहिली. शेजारी बसलेले गुरू मात्र निश्चिंतपणे शेंगा सोलून खात होते, आणि मधूनच मूठभर तिच्यापुढेही धरत होते. तिने एकदाही हात पुढे केला नाही.

हर्षाली तिचे नाव. तालुक्याच्या गावात बास्केटबॉल खेळून मोठी झालेली, उंचीने सहा फुटांना टेकलेली मुलगी. गुरूंना सारे गाव आबा म्हणे. शाळेतून निवृत्त झालेले व्यायामशिक्षक, पण निवृत्ती फक्त पगारापुरती. पहाटे मैदानावर मुलींच्या आधी हजर.

हर्षाली बारावी झाली तेव्हा तिच्या वडिलांनी तिला समोर बसवून सांगितले होते, “फी माफ होत असेल तर कॉलेजला जा, माझी ना नाही. नसेल होत, तर मावशीच्या शिवणवर्गात बस.” वडील टेम्पो चालवत. मनाने वाईट नव्हते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे शहाणपण खरेच, पण सहा फुटांच्या मुलीने ते आखडावेत तरी किती?

अशा वेळी शहरातल्या एका मोठ्या महाविद्यालयाचे बोलावणे आले. तेथल्या क्रीडा संचालकांनी जिल्हा स्पर्धेत तिचा खेळ पाहिला होता. आबा तिला घेऊन गेले. लाकडी कोर्ट असे गुळगुळीत की त्यात स्वतःचा चेहरा दिसावा. भिंतभर चषक. संचालक मोठे प्रेमळ गृहस्थ, त्यांनी स्वतः फिरून सगळे दाखवले आणि शेवटी म्हणाले, “फी माफ, वसतिगृह माफ, जेवण, बूट, प्रवास, सगळं आमच्याकडं. खेळते आहे तोवर घरच्यांनी काही बघायचं कारण नाही.”

हर्षाली आधीच उंच, त्यात तिला स्वर्ग दोन बोटे उरला.

आबांनी मान डोलावली आणि विचारले, “मेस कुठं आहे?”

संचालकांना वाटले, म्हातारबुवांना भूक लागली असेल. त्यांनी वाट दाखवली. आबांनी पानाला हात लावला नाही. ते थेट स्वयंपाकीणबाईंपाशी जाऊन बसले आणि म्हणाले, “पोरी मस्त जेवतात हो तुमच्या. खेळणाऱ्याच ना सगळ्या? एखादीला दुखापत झाली, तर ती कुठं जेवते?”

बाई पोळी उलथत म्हणाल्या, “दुखापत झाली की सीट जाते, बाबा. खोली दुसऱ्या पोरीला लागते की. नियमच हाय तसा.”

आबा उठले, संचालकांपुढे येऊन त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “विचार करून कळवतो.” या तीन शब्दांचा अर्थ आपल्याकडे लग्न जमवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हर्षालीलाही तो कळला, आणि म्हणूनच ती एसटीत मुकी झाली होती. हातातोंडाशी आलेला घास गुरूनेच काढून घेतला, याहून मोठे दुःख शिष्येला कोणते?

घरी वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि शिवणवर्ग सुरू होण्याची तारीख तेवढी विचारून ठेवली.

आता एकच ठिकाण उरले होते. घाटापलीकडच्या एका लहान गावातले महाविद्यालय. त्यांनीही बोलावले होते, पण तिथली फारशी हकिगत कोणाला ठाऊक नव्हती. आबा निघाले, मागोमाग धुसफुसत हर्षाली निघाली. कोर्ट सिमेंटचे, एका बाजूला तडा गेलेले. रिंगची जाळी अर्धी लोंबत होती. तिने आबांकडे असे पाहिले, की दुसरा कोणी असता तर खजील झाला असता. आबांनी कोर्टाकडे ढुंकूनही पाहिले नाही. म्हणाले, “मेस कुठं आहे?”

मेसमध्ये एक मुलगी गुडघ्याला पट्टा बांधून, कुबडी भिंतीला टेकवून जेवत होती. तिच्यासमोर तिथल्या प्रशिक्षक बाई उभ्या होत्या आणि तिची चांगलीच हजेरी घेत होत्या. “निलोफर, गुडघा गेलाय, डोकं शाबूत आहे ना? मग अर्थशास्त्राला इतके कमी गुण का? उद्यापासून संध्याकाळी माझ्यासमोर बसून अभ्यास करायचा.”

आबांनी हळूच विचारले, “ही पुन्हा खेळेल?”

“डॉक्टर नाही म्हणतात,” बाई म्हणाल्या.

“मग हिची फी?”

बाईंना प्रश्नच नीट समजला नाही. “फीचं काय? प्रवेश देताना पदवीपर्यंत म्हटलं होतं. पदवी अजून व्हायचीय तिची.”

“मुलगी तुमची,” आबा म्हणाले.

“आबा!” हर्षालीचा इतक्या दिवसांचा बोलण्याचा उपास सुटला. “कोर्ट तरी बघा! त्या लाकडी कोर्टाला नाही म्हणालात आणि या तडा गेलेल्याला हो?”

आबा तिला बाहेर पायरीवर घेऊन गेले. म्हणाले, “माझे वडील गाय विकायच्या आधी घेणाऱ्याच्या गोठ्यात डोकावायचे. म्हणायचे, दुभत्या गाईच्या लाथाही गोड लागतात. धन्याची परीक्षा तिथं होत नाही. भाकड गाईपुढं चारा पडतो का, ते बघावं.”

“म्हणजे मी गाय?”

“गाय गरीब असते. तू कुठली?” आबा हसले. “हे बघ, त्या संचालकांनी आपल्याला फसवलं नाही. तोंडावर सांगितलं, खेळते आहे तोवर. तू ‘सगळं’ ऐकलंस, मी ‘तोवर’ ऐकलं.”

हर्षालीचा राग अजून उतरला नव्हता. “पण मी पडणारच, असं धरूनच चाललात तुम्ही?”

“नाही, पोरी. तू उंच उडी मारावीस म्हणून चाललोय. माझ्या हाताखालून पुष्कळ मुली गेल्या. एक पाय मुरगळला की आपलं शिक्षण संपलं, अशी धास्ती ज्यांच्या पोटात होती, त्यांची उडी नेहमी अर्धी राहायची. आणि अर्धवट उडीनंच पाय मुरगळतो. पडलो तरी घरचं कोणीतरी आहे, असं ज्याला ठाऊक असतं, तो रिंगपर्यंत जातो. कोर्टाचा तडा सिमेंटनं बुजतो. गुणवंताचा सत्कार सगळेच करतात, दुखणाईताची विचारपूस करणारं घर शोधावं लागतं.”

गुरू आपला घास हिरावत नव्हता, आपल्यासाठी ताट शोधत होता, हे तिला उमगले आणि तिचे डोळे भरून आले. ते लपवण्यासाठी ती उठली आणि एकटीच आत गेली.

आत निलोफर एका हातात कुबडी आणि दुसऱ्या हातात उष्टे ताट सावरत उठू पाहत होती. हर्षालीने पुढे होऊन ताट धरले.

“राहू दे गं,” निलोफर संकोचून म्हणाली, “तू पाहुणी आहेस.”

“पाहुणी कशाची? ताटं कुठं घासतात ते दाखव. मला आता रोजच घासायला लागणार आहे.”

निलोफरने मग ताट सोडले.