एका शब्दातले दोघे

"मग घालवू का त्याला, आई?"

पद्माकरनं तिसऱ्यांदा विचारलं. गिरजाआई तांदूळ निवडत होत्या. खडा सापडला की दारातून बाहेर भिरकावत होत्या.

"कुणाला?"

"विनूला. आमच्या धाकट्या भावाला. कारखाना बंद पडला म्हणून दोन दिवसांसाठी आला. वर्ष होत आलं. माझ्या अभ्यासाच्या खोलीत त्याची ट्रंक, त्याची खाट. माझी पुस्तकं व्हरांड्यात गेली."

"बायको काय म्हणते तुझी?"

"ती त्याला गरम पोळी वाढते."

"आणि तुला?"

"...मलाही."

गिरजाआई साध्वी; नदीकाठची त्यांची मढी म्हणजे एक खोली आणि एक दार. पद्माकर कित्येक वर्षं तिथं येत होता आणि त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. त्यांनी हो म्हटलं की संध्याकाळी विनूची ट्रंक रस्त्यावर. तेवढा होकार घ्यायलाच तो आज आला होता. आणलं होतं कुणी? विनूनंच, स्कूटरवर मागं बसवून. आणि त्याच विनूला बाहेर कडुनिंबाखाली थांब म्हणून सांगून हे महाशय आत सतरंजीवर टेकले होते.

विद्वान माणसाची एक खोड असते. प्रश्न घेऊन येतो आणि उत्तरही घरूनच बांधून आणतो. पद्माकर कॉलेजात भाषा शिकवायचा. त्यानं सोडलं गाठोडं.

"युरोपातल्या भाषांत एक शब्द आहे, आई. जुन्या लॅटिनमध्ये 'होस्तिस'. आधी त्याचा अर्थ परका माणूस. पुढं त्याचाच अर्थ झाला वैरी. आणि त्याच मुळातून इंग्रजीत पाहुणा निघाला, गेस्ट. जर्मनमध्ये गास्ट. हॉटेल त्यातलंच. हॉस्पिटलही त्यातलंच."

"हाटेल आणि दवाखाना एका पोटचे?"

"मूळ एकच."

"तरीच दोन्हीकडचं जेवण घशाखाली उतरत नाही."

पद्माकर हसला नाही.

"चेष्टा नाही, आई. पाहुणा आणि वैरी एका मुळाचे. हे मी म्हणत नाही, शब्दच म्हणतोय."

गिरजाआईंनी एक खडा चिमटीत धरून उजेडात पाहिला. टाकला.

"आणि ज्याच्या घरी पाहुणा येतो, त्याला काय म्हणतात तिकडं?"

पद्माकर जरा अडखळला.

"तोही... त्यातलाच. फ्रेंचमध्ये पाहुणा म्हणजे 'ओत'. आणि यजमान म्हणजेही 'ओत'. इटालियनमध्ये 'ओस्पिते' म्हणतात, तेही दोघांना."

"दोघांना एकच?"

"हो."

"मग कोण कुणाकडं आलंय, हे कळायचं कसं?"

"बोलण्याच्या ओघात कळतं. तो मुद्दा नाही, आई."

"बरं."

त्यांनी सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात रेटून उठल्या आणि अनवाणीच बाहेर पडल्या. पद्माकरला वाटलं, पाण्याला गेल्या. आता परत येतील आणि हो म्हणतील. शब्दापुढं कुणाचं काय चालणार?

दारातून त्याला अंगण दिसत होतं. गिरजाआई कडुनिंबाखाली गेल्या. विनूला काहीतरी म्हणाल्या. विनूनं मान हलवली, नको नको. त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि ओढतच आणला.

उंबऱ्याशी आल्या आणि थांबल्या. दार सताड उघडं होतं, तरी कडी वाजवली.

"यजमान, येऊ का आत? दोघं आहोत."

पद्माकर धडपडत उठला.

"आई, हे काय भलतंच? मढी तुमची. मला काय विचारता?"

गिरजाआई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. ऊन नुसतं भाजत होतं. फरशीवर त्या पाय आलटून पालटून टेकवत होत्या. विनूचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"दादा, मी थांबतो तिकडंच," तो खाली बघत म्हणाला.

"तू गप रे," गिरजाआई म्हणाल्या. मनगट सोडलं नाही.

"आई, ऐका... मी इथं पाहुणा. तुमच्याच घरात तुम्हाला या म्हणणारा मी कोण?"

"ते तुझ्या शब्दाला विचार. आत्ता आत तू आहेस, पद्माकर. आम्ही उन्हात."